तीस मिनिटांचे दार : घरातील अग्निरोधक दारांची निवड, जोडणी आणि तपासणी

घराच्या आतील भागासाठी अग्निरोधक दार घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न मिनिटांचा विचारतो : हे दार आगीसमोर किती वेळ टिकेल? प्रश्न योग्य आहे, परंतु नुसत्या झडपेकडे, म्हणजे दाराच्या उघडझाप होणाऱ्या फळीकडे, बोट दाखवून त्याचे उत्तर देता येत नाही. भट्टीत चाचणी होते ती पूर्ण संचाची. झडप, चौकट, बिजागऱ्या, कुलूप, कडांमधील पट्ट्या, असल्यास काच, आणि हे सारे ज्या मापाच्या फटी ठेवून बसवले त्या फटीसुद्धा त्या चाचणीत सामील असतात. यांतील एखादा घटक घरी बसवताना बदलला, तर लेबलावर ३० मिनिटे लिहिलेली असूनही ते दार किती वेळ टिकेल हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून या लेखात दाराच्या निवडीपेक्षा त्याच्या जोडणीला अधिक जागा दिली आहे.

दार नेमके काय अडवते

खोलीत आग भडकली की तापलेले वायू छताकडे चढतात, तेथे दाब वाढतो आणि ते दाराच्या वरच्या भागातील फटींतून बाहेर ढकलले जातात. त्याच वेळी खालच्या फटीतून थंड हवा आत ओढली जाते. त्यामुळे दाराच्या वरच्या तिसऱ्या हिश्शातील फट सर्वांत घातक असते. मात्र माणसे गुदमरतात ती बहुतेकदा ज्वाळा पोहोचण्याच्या आधी, धुराने. आग अजून लहान असते, तापमान फारसे चढलेले नसते, पण कार्बन मोनॉक्साइड असलेला धूर जिन्यात आणि शयनगृहात पसरू लागलेला असतो. म्हणजेच दाराला दोन वेगळी कामे करायची असतात : सुरुवातीचा थंड धूर अडवणे आणि नंतरची आग अडवणे. ही दोन कामे दोन वेगळ्या पट्ट्या करतात, हे खरेदीच्या वेळी लक्षात ठेवावे.

बंद दाराने किती फरक पडतो, हे अमेरिकेतील यूएल या संस्थेच्या अग्निसंशोधन विभागाने खऱ्या घरांसारख्या रचना जाळून दाखवले आहे. दार उघडे असलेल्या खोलीत तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर गेले, तर दार लावलेल्या खोलीत ते ४० अंशांच्या आसपास राहिले. हा फरक साध्या, अग्निरोधक नसलेल्या बंद दारानेही काही काळ पडतो; अग्निरोधक दार तो काळ मोजता येण्याजोगा आणि भरवशाचा करते.

चाचणीच्या भट्टीतील तापमान ठरलेल्या वक्राप्रमाणे चढवतात. पाचव्या मिनिटाला ते सुमारे ५७६ अंश सेल्सिअस, दहाव्या मिनिटाला ६७८, तिसाव्या मिनिटाला ८४२ आणि साठाव्या मिनिटाला ९४५ अंशांपर्यंत पोहोचते. हे आकडे पुढे धातूच्या सामानाचा विचार करताना उपयोगी पडतील. लाकूड अशा तापात जळते, पण शिस्तीने जळते : मऊ लाकडाचा साधारण ०.६५ मिलिमीटर जाडीचा थर दर मिनिटाला कोळसा होतो आणि तो कोळसाच आतल्या लाकडाचे काही प्रमाणात रक्षण करतो. या हिशोबाने ३० मिनिटांत जवळपास २० मिलिमीटर लाकूड जाते. ४४ मिलिमीटर जाडीची भरीव झडप अर्धा तास का टिकू शकते आणि आत पोकळ असलेली, दोन पातळ पत्र्यांसारख्या फळ्यांची ३५ मिलिमीटरची झडप काही मिनिटांतच का फुटते, ते यावरून कळावे.

पायरी १ : घरातील कोणते दार महत्त्वाचे, ते ठरवणे

प्रत्येक दार अग्निरोधक असण्याची गरज नाही. घराचा नकाशा समोर ठेवावा आणि प्रत्येक शयनगृहापासून बाहेरच्या दारापर्यंतची वाट पेन्सिलीने काढावी. त्या वाटेवर, विशेषतः जिन्यात आणि मधल्या मार्गिकेत, ज्या खोल्यांची दारे उघडतात त्या खोल्यांतून आग आणि धूर वाटेवर येऊ शकतो. स्वयंपाकघर, बैठकीची खोली, घराला लागून असलेले गॅरेज, बॅटरी किंवा इन्व्हर्टर ठेवलेली खोली यांची दारे म्हणून पहिल्या क्रमांकावर येतात. तळमजल्यावरील घरात, जिथे शयनगृहाच्या खिडकीतून थेट बाहेर पडता येते, तिथे हा प्रश्न तुलनेने सौम्य असतो. दोन मजल्यांवर तिसरा चढवला किंवा माळ्याची खोली राहण्यायोग्य केली की तो एकदम कठीण होतो, कारण वरच्या मजल्यावरून उडी मारता येत नाही आणि जिना हीच एकमेव वाट उरते. अनेक देशांच्या बांधकाम नियमांत नेमक्या याच टप्प्यावर जिन्याला लागून असलेली दारे अग्निरोधक करण्याची अट येते. बहुमजली इमारतीतील सदनिकेचे मुख्य दार हा वेगळा विषय आहे. ते दार केवळ आपल्या कुटुंबाचे नव्हे, तर सामाईक जिना वापरणाऱ्या सगळ्यांचे रक्षण करते, आणि ते बदलताना इमारतीच्या व्यवस्थापनाला व स्थानिक अग्निशमन यंत्रणेला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पायरी २ : लेबलाची भाषा

ब्रिटिश पद्धतीत दारावर एफडी ३० किंवा एफडी ६० असे लिहितात; एफडी म्हणजे फायर डोअर, अग्निरोधक दार. आकडा मिनिटांचा असतो, आणि शेवटी एस हे अक्षर जोडलेले असेल तर ते दार धूर अडवण्यासाठीही तपासलेले असते. युरोपीय पद्धतीत ई आणि आय ही अक्षरे येतात. ई म्हणजे दार अभंग राहिले, ज्वाळा किंवा तापलेले वायू पलीकडे गेले नाहीत. आय म्हणजे त्याबरोबरच उष्णताही अडली. सुरक्षित बाजूच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान १४० अंशांहून अधिक वाढले नाही. धुरासाठी एसए आणि एस २०० असे दोन दर्जे आहेत : पहिला नेहमीच्या तापमानातील धुरासाठी, दुसरा २०० अंशांपर्यंत तापलेल्या धुरासाठी. अमेरिकेत दारांची वर्गवारी २०, ४५, ६०, ९० मिनिटे अशी केली जाते, तर भारतात अग्निरोधक दारांसाठी आयएस ३६१४ हे मानक आहे.

या पद्धतींत एक बारीक पण महत्त्वाचा फरक आहे. एफडी ३० हा दर्जा केवळ अभंगतेचा आहे, म्हणून तो ई ३० च्या जवळ जातो, ईआय ३० च्या नव्हे. दोन्हींत ३० हा आकडा आहे एवढ्यावरून ती दारे सारखी मानणे चूक आहे. लाकडी भरीव झडप उष्णता तशीही चांगली अडवते, त्यामुळे घरातील बहुतेक दारांना हा फरक जाणवणार नाही. मात्र दारात मोठी काच असेल किंवा झडप धातूची असेल तर तो निर्णायक ठरतो.

घरातील आतल्या दारांसाठी ३० मिनिटांचा दर्जा सर्वसाधारणपणे पुरेसा धरतात. ६० मिनिटांची झडप साधारण ५४ मिलिमीटर जाडीची आणि पुष्कळ जड असते. नियमाने मागितली नसेल तर ती बसवण्याचा आग्रह मी धरणार नाही, कारण जुन्या चौकटीला आणि भिंतीला तो भार सोसत नाही व उघडझाप अवघड झाली की घरातले लोक ते दार उघडेच ठेवू लागतात.

पायरी ३ : नुसती झडप घ्यावी की तयार संच

तयार संच म्हणजे कारखान्यातच चौकट, झडप, बिजागऱ्या, पट्ट्या आणि कुलूप बसवून आलेले दार. तो महाग पडतो, परंतु सगळे घटक एकाच चाचणीतले असतात आणि फटी कारखान्यात जुळवलेल्या असतात. नुसती झडप घेतली तर हे जुळवण्याची जबाबदारी सुताराची आणि पर्यायाने आपली असते. भिंतीतील जागा चौकोनी व सरळ असेल आणि नवीन काम चालू असेल तर मी संचच निवडावा असे म्हणेन. जुन्या घरात, जिथे चौकट काढली तर भिंत फुटते, तिथे नुसती झडप घेणे समजण्यासारखे आहे. फक्त तेव्हा झडपेबरोबर मिळणारे जोडणीचे पत्रक काम सुरू होण्यापूर्वी सुतारासमोर बसून ओळीने वाचावे.

लेबल झडपेच्या वरच्या कडेला चिकटवलेले असते किंवा बिजागरीच्या कडेत रंगीत खुंटीच्या रूपात ठोकलेले असते. त्यावरील क्रमांक प्रमाणपत्राशी ताडून पाहावा, आणि प्रमाणपत्रात झडपेचे माप, काचेचा आकार व चौकटीचे लाकूड यांची मर्यादा काय दिली आहे तेही पाहावे. ही काळजी अनाठायी नाही. लंडनमधील ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीत ७२ जणांचा मृत्यू झाला. त्या इमारतीतील सदनिकेचे एक दार नंतर चाचणीला लावले तेव्हा ३० मिनिटांसाठी असलेले ते दार सुमारे १५ मिनिटेच टिकले.

पायरी ४ : चौकट आणि भिंत

चौकटीचे लाकूड हलके किंवा सडलेले असेल तर झडप कितीही चांगली असली तरी आग तिला बाजूने वळसा घालते. चौकट हलवून पाहावी, तळाशी वाळवी किंवा ओल आहे का ते टोकदार वस्तूने टोचून पाहावे आणि दोन्ही कर्ण मोजावेत. कर्णांत फरक असेल तर झडप तासून चौकटीत घुसवण्यापेक्षा चौकट सरळ करणे हाच मार्ग आहे.

चौकट आणि भिंत यांच्यामधली पोकळी नक्षीच्या पट्टीखाली झाकली जाते, म्हणून ती कशाने भरली हे नंतर कोणालाच दिसत नाही. तिथे नेहमीचा फोम मारून मोकळे होण्याची सवय सर्वत्र आहे. साधा फोम जळतो. पत्रकात सांगितलेला अग्निरोधक भराव किंवा घट्ट दाबलेले रॉकवूल (दगडापासून केलेली न जळणारी लोकर) आणि त्यावर अग्निरोधक सीलंट हाच उपाय करून घ्यावा, आणि वरची पट्टी ठोकण्यापूर्वी त्या भरावाचे चारही बाजूंनी छायाचित्र काढून ठेवावे.

पायरी ५ : फटी आणि पट्ट्या

झडपेच्या वर आणि दोन्ही बाजूंना २ ते ४ मिलिमीटर फट असावी. ३ मिलिमीटर हे उत्तम माप. त्याहून कमी फट ठेवली तर पावसाळी हवेत लाकूड फुगून दार अडकते, जास्त ठेवली तर पट्टी ती भरू शकत नाही. तळाची फट आगीच्या दृष्टीने थोडी अधिक चालते, कारण तिथून हवा आत ओढली जात असते. परंतु धूर अडवायचा असेल तर तीही ३ मिलिमीटरच्या आसपास आणावी लागते किंवा दार मिटताच खाली उतरणारी पट्टी झडपेच्या तळाशी बसवावी लागते. गालिचा घालणार असाल तर त्याची जाडी आधीच धरा. नंतर दार खालून कापायला लावणारे कारण बहुधा गालिचाच असतो.

कडेतील खाचेत बसणारी फुगणारी पट्टी, जिला बाजारात इंट्युमेसंट पट्टी म्हणतात, सुमारे २०० अंशांच्या आसपास तापली की स्वतःच्या जाडीच्या कितीतरी पट फुगते आणि फट बुजवते. पण तोपर्यंत ती निव्वळ एक पट्टी असते. थंड धुराला तिचा काहीही अडथळा होत नाही. धूर अडवते ते तिच्यावरील केसाळ ब्रश किंवा रबराचे पाते. घरासाठी दोन्ही एकत्र असलेली पट्टी घ्यावी. पाते असलेली पट्टी दार किंचित जड करते, तरीही धूर अडवण्यात ती ब्रशपेक्षा सरस असते. पट्टी सलग असावी, कोपऱ्यात तुटक नसावी, आणि तिच्यावर रंगाचे थर चढू देऊ नयेत. रंगाने कडक झालेला ब्रश चौकटीला टेकतच नाही.

पायरी ६ : बिजागऱ्या, कुलूप, मूठ

भरीव झडपेचे वजन ४० किलोच्या आसपास असू शकते, म्हणून दोन नव्हे, तीन बिजागऱ्या लागतात आणि त्या पोलादी, अग्निचाचणी झालेल्या असाव्या लागतात. वर दिलेले भट्टीचे आकडे येथे आठवावेत. मुठी आणि स्वस्त कुलपांमध्ये वापरला जाणारा जस्ताचा मिश्रधातू ४०० अंशांच्या आतच वितळतो, ॲल्युमिनियम ६६० अंशांना. म्हणजे चाचणीच्या पहिल्या दहा मिनिटांतच हे धातू पाणी होतात. दार धरून ठेवणारी जीभ अशा धातूची असेल, तर दाब वाढताच दार उघडते आणि बाकीची सगळी योजना वाया जाते.

बिजागरीचे पाते आणि कुलपाची पेटी बसवण्यासाठी झडपेत व चौकटीत खोबण करावी लागते, आणि तिथे लाकूड पातळ होऊन आगीला जवळची वाट मिळते. पत्रकात सांगितले असेल तर पात्यांच्या मागे व कुलपाच्या पेटीभोवती फुगणाऱ्या पदार्थाचे पातळ अस्तर घालावे. खोबण हवी तेवढीच कोरावी. कुलपाभोवती बोटभर पोकळी राहिली असेल तर ती दिसत नसली तरी दोषच आहे. स्क्रू ठरलेल्या लांबीचे, सगळेच्या सगळे आणि पिळून बसवलेले असावेत. हातोडीने ठोकलेला स्क्रू लाकडाचे आटे फोडतो आणि वर्षभरात बिजागरी सैल पडते.

आणखी एक गोष्ट : बाहेर पडण्याच्या वाटेवरील दार आतून किल्लीविना उघडले पाहिजे. धुरात किल्ली सापडत नाही.

पायरी ७ : काच

साधी काच तापमानातील असमान फरकाने लवकर तडकते आणि खाली पडते. अग्निरोधक काचेत दोन प्रकार पाहावेत : एक केवळ ज्वाळा व धूर अडवणारी, दुसरी थरांमधील पदार्थ फुगून अपारदर्शक होणारी आणि त्यामुळे उष्णताही अडवणारी. पहिल्या प्रकारातून उष्णतेचे प्रारण पलीकडे येतच राहते, म्हणून जिन्याच्या अरुंद वाटेवर मोठी काच हवीच असेल तर दुसरा प्रकार घ्यावा. काचेची जागा घरी कापून घेऊ नये. ती कारखान्यातून किंवा त्या झडपेचे प्रमाणपत्र असलेल्या कारागिराकडूनच करून घ्यावी. मांजरासाठीचे झडपदार छिद्र, हवेची जाळी, दारावरची पत्रपेटी यांनाही हाच नियम लागू होतो.

पायरी ८ : दार मिटणे

उघडे अग्निरोधक दार आग अडवत नाही. ग्रेनफेलच्या चौकशीतही अनेक सदनिकांची दारे आपोआप मिटली नाहीत आणि त्यातून धूर मार्गिकेत पसरला, हे नोंदवले गेले. सदनिकेचे मुख्य दार आणि गॅरेजमधून घरात येणारे दार यांना क्लोजर, म्हणजे उघडलेले दार आपोआप मिटवणारे यंत्र, असलाच पाहिजे. युरोपीय मानकानुसार अग्निरोधक दाराचा क्लोजर किमान ३ क्रमांकाच्या ताकदीचा असावा लागतो. दार पूर्ण उघडून सोडावे, मग अर्धे उघडून, मग हातभर उघडून सोडावे. तिन्ही वेळा त्याने स्वतःहून मिटून जीभ खटकन खाचेत बसली पाहिजे. तसे होत नसेल तर आधी क्लोजरचे स्क्रू जुळवावेत, पट्टीचा अडथळा पाहावा. पट्टीच काढून टाकणे हा उपाय नव्हे.

एकाच कुटुंबाच्या घरातील खोल्यांच्या दारांना क्लोजर बसवावा का, यावर मतभेद आहेत. इंग्लंडच्या नियमांतही आतल्या दारांसाठी तो सक्तीचा नाही, आणि त्यामागचे कारण खरे आहे : लहान मुले, वृद्ध माणसे आणि हातात ताट घेऊन जाणारी व्यक्ती यांना सतत मिटणारे जड दार नकोसे होते, आणि मग कोणीतरी त्याखाली पाचर ठोकते. माझ्या मते स्वयंपाकघराला क्लोजर असावा, आणि दिवसा दार उघडे राहणे अपरिहार्य असेल तर धुराचा इशारा वाजताच सुटणारे चुंबकीय धारक बसवावे. बाकीच्या खोल्यांसाठी रात्री झोपण्यापूर्वी सगळी दारे लावण्याची सवय घरातील प्रत्येकाने अंगी बाणवावी. धुराचे इशारायंत्र नसेल तर मात्र हे सारे अपुरे आहे. बंद दारामागे झोपलेल्या माणसाला जागे करण्यासाठी सर्व मजल्यांवरील यंत्रे एकमेकांना जोडलेली असावीत.

पायरी ९ : तासणे आणि रंगवणे

झडप घरात आणल्यावर ती काही दिवस आडवी, सपाट आधारावर ठेवून तेथील हवेला सरावू द्यावी आणि मगच मापे घ्यावीत. प्रत्येक कडेवरून किती मिलिमीटर काढता येईल हे पत्रकात दिलेले असते. त्याहून जास्त रंधा मारला तर कडेची भरीव पट्टी पातळ होते आणि झडपेचा गाभा उघडा पडतो. लेबल असलेली कड तासू नये. रंग किंवा वॉर्निश सहसा चालते, पण वरची व खालची कडही रंगवावी. उघड्या कडांतून ओल शिरते आणि झडप पिळते. पिळलेल्या झडपेचा एक कोपरा चौकटीपासून सुटतो, आणि तो बहुधा वरचाच असतो.

जुने भरीव लाकडी दार जपायचे असेल तर फुगणारा रंग, पट्ट्या आणि नव्या बिजागऱ्या वापरून त्याचा दर्जा काही वेळा वाढवता येतो. हे काम अग्निसुरक्षेच्या जाणकाराने दाराची जाडी, लाकूड आणि पातळ भाग तपासल्यानंतरच करावे. पॅनेलच्या जुन्या दारात मधली फळी अनेकदा दहा-बारा मिलिमीटरचीच असते, आणि कोळसा होण्याचा वर दिलेला वेग पाहता ती फार काळ टिकणार नाही.

पायरी १० : सहा महिन्यांनी एकदा

तपासणीला दहा मिनिटे पुरतात. झडप बंद करून चारही बाजूंच्या फटीत ३ मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा सरकवून पाहावा. तो कुठे सैल घुसतो, कुठे अडतो, याची नोंद करावी. रात्री पलीकडच्या खोलीत दिवा लावून इकडचा बंद करावा, म्हणजे पट्टी कुठे टेकत नाही ते प्रकाशाच्या रेषेवरून कळते. बिजागरीखाली काळी पूड किंवा तेलाचा ओघळ दिसला तर ती झिजत आहे. क्लोजरमधून तेल गळत असेल तर तो बदलावा, कारण तेल गेले की त्याचा वेगावरचा ताबा जातो. पट्टी बदलायची वेळ आली तर त्याच प्रकारची, त्याच रुंदीची आणि त्याच पदार्थाची घ्यावी. म्हणूनच दाराचे पत्रक, प्रमाणपत्राचा क्रमांक, पट्टीचे नाव आणि चौकटीच्या भरावाची छायाचित्रे घराच्या कागदपत्रांबरोबर एकाच पाकिटात ठेवावीत, आणि घर विकले तर ते पाकीट नव्या मालकाच्या हाती द्यावे.